फॅक्टोरिओ : ‘करवीर’ विस्ताराची कल्पना – पुराची नदी, उसाचा फड आणि गुऱ्हाळ (आकड्यांसकट)

बरगेवाला (धागाकर्ता)

२१ ऑक्टोबर २०२४ ला फॅक्टोरिओ या कारखाना उभारायच्या खेळाचा स्पेस एज हा विस्तार आला आणि चार नवे ग्रह मिळाले. व्हल्कॅनसवर लाव्हा, फुल्गोरावर विजा नि भंगार, ग्लेबावर सडणारा माल, अक्विलोवर गारठा. प्रत्येक ग्रहाला एक खोड, आणि त्या खोडीभोवती अख्खा कारखाना नव्यानं मांडायचा. पाणी मात्र कुठंच त्रास देत नाही. नाउविसवर (सुरुवातीच्या ग्रहावर) ऑफशोअर पंप टेकवला की सेकंदाला १,२०० पाणी, जन्मभर. नदी चढत नाही, आटतही नाही.

म्हणून ‘करवीर’ हा मॉड, म्हणजे खेळात आपण घातलेली भर. पंचगंगेच्या खोऱ्यावर बेतलेला ग्रह. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती वरून येणार, प्रयाग चिखलीला एकत्र होणार, पुढं नृसिंहवाडीला कृष्णेत जाणार. (सरस्वती गुप्त आहे, नकाशातही गुप्तच ठेवू.) किडे नाहीत, पेंटापॉड (ग्लेबावरचे शत्रू) नाहीत, तोफा नि भिंती लागणार नाहीत. त्रास द्यायला नदी पुरे.

कालगणना अशी: एक वर्ष ६० मिनिटांचं, म्हणजे २,१६,००० टिक (सेकंदाला ६०). एक महिना ५ मिनिटांचा. जून ते सप्टेंबर ही २० मिनिटं पावसाळा. पातळी फुटांत, राजाराम बंधाऱ्यावर मोजतात तशी: ३९ ला इशारा, ४३ ला धोका. कमाल ५६. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ च्या वर गेलंच होतं, त्यामुळं हा आकडा कुणाला फुगवलेला वाटायचं कारण नाही.

सगळी मेख जमिनीत आहे. उसाला लागणारी काळी माती फक्त ३९ ते ५२ फुटांच्या पट्ट्यात. त्याच्या वर मुरूम. तिथं यंत्रं, सायलो, गोदाम काय हवं ते बांधा, पण ऊस लागणार नाही. हे करायला स्क्रिप्ट नको: वनस्पतीच्या प्रोटोटाइपमध्ये (तिच्या व्याख्येत) ऑटोप्लेसला, म्हणजे ती कुठं उगवेल त्या नियमाला, टाइलचं (जमिनीच्या चौकटीचं) बंधन घालता येतं, ग्लेबावरच्या युमाको या फळझाडाला घातलंय तसंच.

एक नियम मी सोडणार नाही. पूर अचानक येता कामा नये. खेळाडूला पातळी दिसली पाहिजे, धरणाचे दरवाजे किती उघडलेत ते दिसलं पाहिजे, आणि तरीही नुकसान झालं तर दोष त्याच्या मांडणीचा असला पाहिजे. बेभरवशाचं संकट फॅक्टोरिओत शोभत नाही.

बोला.

टिक_साठ

कल्पना चांगली आहे. पण पूर दाखवायचा कसा, यावर हा मॉड जगणार की मरणार ते ठरेल.

पहिला मोह होतो टाइल बदलायचा. सेट टाइल्स बोलवा, जमिनीच्या जागी पाणी टाका. दोन गोष्टी होतात. एक, पाण्याच्या टाइलला इमारती धडकतात, आणि धडकणारं काढून टाकायचा पर्याय चालू असला तर कारखाना पुसला जातो. ओहोटीनंतर परत काही येत नाही. दोन, वेग. चंक (नकाशाचा एक तुकडा) ३२ बाय ३२ म्हणजे १,०२४ टाइल. पूरपट्टा २०० चंकांचा धरला तर २,०४,८०० टाइल झाल्या. एका टिकमध्ये एवढं बदललं की खेळ जागेवर थबकणार.

उथळ पाण्याची टाइल वापरू म्हणाल तर तिच्यातून माणूस चालतो, पण बांधकाम तिथंही होत नाही. स्वतःची टाइल आणि स्वतःचा कोलिजन लेयर (काय कशाला धडकतं ते ठरवणारा थर) केला तर इमारती वाचतात, पण खेळाडूनं घातलेलं काँक्रीट खाली गाडलं जातं आणि ते परत आणायला जुन्या टाइलची नावं साठवत बसावं लागतं. सेव्ह फाइल फुगते.

त्यापेक्षा टाइलला हातच लावू नका. पाणी फक्त चित्र म्हणून काढा. अर्धपारदर्शक स्प्राइट, रेंडरिंगनं. पूर्ण बुडालेल्या चंकला एकच मोठं स्प्राइट, काठावरच्या चंकला ४ बाय ४ टाइलचे ६४ तुकडे. दर पुरात काठावर मोजकेच चंक असतात. मिनिमॅपवर कळावं म्हणून दर फुटाला एक टॅग.

उंची मोजायची पद्धत: चंक तयार झाल्याची घटना आली की कॅल्क्युलेट टाइल प्रॉपर्टीज ला ‘एलेव्हेशन’ विचारा. १,०२४ जागा विचारायची गरज नाही, ४ बाय ४ च्या मध्यावरच्या ६४ पुरेत. आलेला आकडा फुटांत बसवा आणि त्या फुटाच्या यादीत टाका. ३९ ते ५६ मध्ये १७ पायऱ्या, म्हणजे १७ याद्या. पातळी एक फूट चढली की फक्त त्या एका यादीचं काम. टाइलमध्ये धरलं तरी सरासरी १२,००० च्या आसपास भरतात. टिकला ५०० घेतल्या तर २४ टिक, अर्धं सेकंदही नाही. कुणाला झटका जाणवणार नाही.

यंत्रांचंही तसंच. बांधलं की ते कुठल्या फुटात येतं ते बघून त्या यादीत नोंदवा. घटना तिन्ही पकडा: हातानं बांधलेलं, रोबोटनं बांधलेलं, दुसऱ्या स्क्रिप्टनं बांधलेलं. तिसरी विसरतात आणि मग ‘दुसऱ्या मॉडची यंत्रं बुडतच नाहीत’ अशा तक्रारी येतात. बुडालं की यंत्राचं ॲक्टिव्ह बंद, आणि कस्टम स्टेटसमध्ये ‘पाण्याखाली’ लिहा. नाहीतर लोक वीज तपासत बसतील.

एक खड्डा आत्ताच सांगून ठेवतो. पूर असताना कुणी मॉड काढून टाकला तर ॲक्टिव्ह बंद केलेली यंत्रं कायमची बंद राहतात. सगळं चालू करणारी एक कन्सोल कमांड पहिल्या आवृत्तीपासून ठेवा, आणि मॉड काढण्याआधी ती चालवा हे माहितीत ठळक लिहा.

चिखलीकर

नदीबद्दल थोडं. बऱ्याच जणांच्या डोक्यात पूर म्हणजे बादलीत पाणी ओतल्यासारखी सरळ चढणारी रेघ असते. पंचगंगा तशी चढत नाही.

पात्रात असेपर्यंत ती झपाझप चढते, कारण जागा अरुंद. पात्राबाहेर पडली की पाणी शिवारात पसरतं आणि तेवढ्याच आवकेला पातळी सावकाश वाढते. म्हणून दोन वेग ठेवा. ३९ च्या खाली दर १० सेकंदांना एक फूट, ३९ च्या वर दर ४५ सेकंदांना एक फूट. जूनला २० फुटांवर सुरुवात धरली तर जोराच्या पावसात इशारा पातळी साधारण ३ मिनिटांत, तिथून धोका पातळी आणखी ३ मिनिटांत, आणि ५५ ला पोचायला पुढं ९ मिनिटं. खेळाडूला हालचाल करायला एवढा वेळ बास.

उतरताना मात्र वेगळं गणित. पंचगंगेचं पाणी कृष्णेत जायचं असतं. कृष्णा भरलेली असली की वाडीला पाणी तुंबतं आणि कोल्हापुरात पाऊस थांबला तरी पातळी हलत नाही. खेळात कृष्णेची एक वेगळी पातळी ठेवा, खेळाडूला दिसणारी पण हाताबाहेरची. तिची पातळी जास्त तर पंचगंगा मिनिटाला एक फूट उतरणार, कमी तर त्याच्या दुप्पट वेगानं. ५५ वरून ४३ ला यायला १२ मिनिटं लागली की पाणी चढण्यापेक्षा न उतरणं किती छळतं ते आपोआप कळेल.

राधानगरीचे दरवाजे घालणार असाल तर जसे आहेत तसेच घाला. सात स्वयंचलित दरवाजे, धरण भरलं की पाण्याच्या दाबानं आपले आपण उघडतात, दाब कमी झाला की बंद होतात. एका दरवाजातून १,४२८ क्युसेक. धरण ८.३६ टीएमसीचं. खेळाडूच्या हातात यातलं काहीही देऊ नका. त्याला फक्त ‘४ उघडले’ असा सिग्नल मिळू दे आणि ते पाणी ३ मिनिटांनी त्याच्या दारात येऊ दे. हा मधला वेळ म्हणजेच इशारा.

आणि काळम्मावाडीचं धरण यात घुसडू नका. ते दूधगंगेवर आहे, दूधगंगा वेगळी जाते.

चुलवाण

गुऱ्हाळाचं मी देतो. एक नग ऊस म्हणजे एक किलो, रसाची १० मापं म्हणजे एक किलो, असं धरलंय.

घाण्यात १० ऊस, ५ सेकंद, त्यातून ६० रस आणि ४ ओलं चिपाड (रस काढलेल्या उसाचा चोथा). गुऱ्हाळातला चरक साधारण साठ टक्क्यांच्या आसपासच रस काढतो, तेव्हा आकडा रास्त आहे. काहिलीत (रस आटवायच्या मोठ्या कढईत) एका आदणाला, म्हणजे एका खेपेला, ६०० रस, १ चुना, १ भेंडीचा चीक. ७५ सेकंद. निघणार ११ गूळ आणि १ मळी. म्हणजे १०० उसाला ११ गूळ.

चुना रसाची आम्लता मारतो, भेंडीचा चीक गाळ धरून वर आणतो, मग मळी काढता येते. खेळात मळी काढायला इन्सर्टर (माल उचलून ठेवणारा यांत्रिक हात) नसला तर काहील तुंबली पाहिजे. यंत्राचं आउटपुट भरलं की ते थांबतंच, वेगळं काही लिहावं लागत नाही. चुना ग्रहावर देऊ नका. व्हल्कॅनसवरून कॅल्साइट आणू द्या किंवा प्लॅटफॉर्मवर लघुग्रह फोडून काढू द्या, म्हणजे बाकीच्या खेळाशी नातं राहतं.

काहिलीला दोन रेसिपी. १०५-१०६ अंशांला उतरवलं की काकवी, ११८ च्या आसपास नेलं की गूळ. काकवी ५५ सेकंदांत, गूळ ७५ मध्ये. काकवी द्रव आहे, टाकीत कितीही साठवा, खराब होणार नाही. गुळाला मात्र स्पॉइल होण्याची वेळ लावा, दोन तास, आणि त्याचा ‘पाघळलेला गूळ’ होऊ दे. पावसाळ्याच्या दमट हवेत गूळ ओल धरतो हे इथं कुणाला सांगायला नको.

आता जळण. ओलं चिपाड जळत नाही, ते आधी वाळवावं लागतं. त्यासाठी सडण्याचीच यंत्रणा उलटी वापरायची. ओल्या चिपाडाला स्पॉइल टिक्स १८,००० आणि स्पॉइल रिझल्ट ‘वाळलं चिपाड’. पेटीत टाकलं की ५ मिनिटांत आपोआप वाळणार. ग्लेबावर लोखंडाचे जिवाणू सडून खनिज होतं तसलंच हे.

वाळल्या चिपाडाचं इंधनमूल्य ०.७५ मेगाज्यूल, काहील ३६० किलोवॅट. हिशेब असा: दोन घाणे सेकंदाला २४ रस देतात, एक काहील सेकंदाला ८ घेते, म्हणजे दोन घाण्यांना तीन काहिली. दोन घाण्यांचं चिपाड सेकंदाला १.६, त्यातून १.२ मेगावॅट. तीन काहिलींना लागतात १.०८. जेमतेम पुरतं, थोडं उरतं. ही ओढाताण मुद्दाम ठेवली आहे, चिपाड भरपूर देऊन टाकलं तर जळव्याचं (चुलीत जळण घालणाऱ्याचं) काम संपलं.

सुरुवातीला चिपाड नसताना काहील पेटणार कशी, हा प्रश्न येईल. बर्नरला एकापेक्षा जास्त इंधन वर्ग देता येतात. साधा रासायनिक वर्ग आणि चिपाडाचा वर्ग दोन्ही द्या, पहिलं आदण लाकडावर निघेल. ग्रहावर कोळसा ठेवू नका म्हणजे झालं.

रंकाळा_रात्रपाळी

नाद खुळा! पण ऊस शिळा झाला की उतारा घटतो ते कुठं आलं? साखर कारखान्यात, तोडणी झाल्यावर २४ तासांत गाळप व्हावं म्हणून धडपड असते ती उगाच न्हाई.

टिक_साठ

@रंकाळा_रात्रपाळी ते इंजिनात सरळ होत नाही. ताजेपणा एका मालातून पुढच्या नाशवंत मालात उतरतो, पण त्यानं उत्पादनाचा आकडा बदलत नाही. अर्धा सडलेला ऊस घातला तरी रस ६० च मिळणार.

मार्ग एकच, पायऱ्या करायच्या. ‘ताजा ऊस’ ४ मिनिटांनी ‘शिळा ऊस’ होतो, तो आणखी ४ मिनिटांनी ‘वाळका ऊस’. प्रत्येकाची रेसिपी वेगळी.

चुलवाण

मग नुसता रस कमी करू नका. ऊस तुटला की त्यातली साखर मोडून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज व्हायला लागते. वजन घटतं ते वेगळंच. असल्या रसाचा गूळ घट्ट बसत नाही, मऊ राहतो, ओल लवकर धरतो. म्हणून शिळ्या उसाचा रस हा वेगळाच द्रव करा: १० उसाला ५० रस, ६०० रसाला ९ गूळ, आणि तो गूळ दोन तासांऐवजी ४० मिनिटांत पाघळणारा. वाळक्याचा १० ला ३५ रस आणि त्याची फक्त काकवी.

लोक काय करतील तेही सांगतो. एकाच घाण्याला सर्किटनं रेसिपी बदलायला लावतील, खेळाच्या २.० आवृत्तीत ते जमतं. पण पाइपात ताजा रस उरलेला असताना शिळा रस त्यात जाणार नाही, दोन द्रव एका पाइपात राहत नाहीत. घाणा अडकून बसणार. शिळ्या उसाला वेगळा घाणा, वेगळा पाइप, वेगळी काहील. बेल्टच्या शेवटी फिल्टर लावलेला स्प्लिटर (माल दोन वाटांना वेगळा करणारा) टाकला की झालं.

बरगेवाला

हे घेतलं. आता शेताचे आकडे. ॲग्रिकल्चरल टॉवरभोवती (हे यंत्र आपणच लावतं नि तोडतं) ७ बाय ७ चौकोन, मधला टॉवरचा, उरले ४८. लागण (नव्यानं लावलेला ऊस) २० मिनिटांत तयार, चौकोनाला ५० ऊस. खोडवा (तोडलेल्या बुडख्याचं दुसरं पीक) १४ मिनिटांत ३८, निडवा (तिसरं पीक) १२ मिनिटांत २८.

खोडव्यासाठी स्क्रिप्ट टाळली आहे. लागण तोडली की उसाबरोबर एक ‘बुडखा’ मिळतो, तो लावला की खोडवा येतो. खोडव्यातून ‘जुना बुडखा’, त्यातून निडवा. निडव्यातून काही नाही. बुडखा २ मिनिटांत सडतो, तेवढ्यात परत टॉवरमध्ये गेला पाहिजे. उपटून परत लावलेला खोडवा बघून खरा शेतकरी हसेल, पण इंजिनात विनास्क्रिप्ट एवढंच बसतं.

रंकाळा_रात्रपाळी

गणित करून बघा की. लागणीचं ४८ गुणिले ५० भागिले १,२०० सेकंद, म्हणजे सेकंदाला बरोबर २. खोडव्याचं ४८ गुणिले ३८ भागिले ८४०, म्हणजे २.१७. खोडवा लागणीपेक्षा जास्त देतोय! असला खोडवा आमच्या रानात असता तर कुणी कारखान्याचं कर्ज काढलं नसतं.

खोडवा ३० आणि निडवा २० करा. मग खोडवा १.७१ आणि निडवा १.३३ वर येतो. पण मग उलटा घोळ: टिपऱ्या (बेण्याचे उसाचे तुकडे) फुकटात मिळाल्या तर सगळे दर वेळी नवी लागणच करणार, खोडव्याला कोण विचारतो? टिपरीला किंमत लावा. एका चौकोनाच्या बेण्याला १६ ऊस. आता बघा:

नुसती लागण – निव्वळ ३४ ऊस २० मिनिटांत, टॉवरला सेकंदाला १.३६.
लागण आणि खोडवा – निव्वळ ६४ ऊस ३४ मिनिटांत, १.५१.
लागण, खोडवा, निडवा – निव्वळ ८४ ऊस ४६ मिनिटांत, १.४६.

खोडवा परवडतो, निडवा थोडक्यात तोट्यात. शिवारात पण तेच हाय. फक्त बेणं कमी पडलं किंवा पूर तोंडावर आला तर निडवा कामाला येतो, कारण तो १२ मिनिटांत निघतो.

बरगेवाला

मान्य, हेच आकडे. चार टॉवरचा ऊस सेकंदाला ६, तो तीन घाण्यांना पुरतो. चुलवाण यांचं प्रमाण जोडलं की आठ टॉवर, सहा घाणे, नऊ काहिली असा एक संच. ब्ल्यूप्रिंट करताना हाच धरा.

पुरात ऊस किती वेळ टिकावा? पाण्याखाली सलग ६ मिनिटं गेली की कुजला, असं मनात आहे.

टिक_साठ

प्रत्येक रोपाला घड्याळ लावू नका. हजारो रोपांची वेळ साठवणं म्हणजे नसता भार. पातळीनुसार याद्या आहेतच, तर प्रत्येक फुटाला एक वेळ लिहा: हा फूट कुठल्या टिकला बुडाला. २१,६०० टिक झाले आणि अजून पाण्याखाली असेल तर त्या यादीतली सगळी रोपं ‘कुजलेला ऊस’ करा. एकूण १७ आकडे साठवायचे, संपलं.

चिखलीकरांच्या वेगानं हिशेब केला तर ५५ च्या पुरात, माथ्याखालच्या प्रत्येक फुटाला चढताना पाऊण मिनिट आणि उतरताना एक, मिळून पावणेदोन मिनिटं पाणी राहतं. ५२ फुटांवरचं शेत सव्वापाच मिनिटं बुडतं, वाचतं. ५१ वरचं सात मिनिटं, गेलं. कृष्णा रिकामी असेल तर उतरायला निम्मा वेळ, मग ५१ वरचंही वाचतं. खेळाडूला निर्णय घ्यायला हे चांगलं आहे.

चिखलीकर

उसाचं खरं असं आहे की नुसतं बुडात पाणी राहिलं तर तो बरेच दिवस तग धरतो. शेंडा बुडाला आणि पानांच्या सुरळीत गाळ बसला की संपतो. त्यामुळं नव्या लागणीला ६ मिनिटं आणि पूर्ण वाढलेल्याला ९, एवढा फरक जमला तर करा. जमत नसेल तर राहू दे.

उद्यमनगर_लेथ

यात फौंड्री का नाही? शिरोली आणि गोकुळ शिरगावशिवाय कोल्हापूर म्हणजे… वाळू, बेंटोनाइट, साचे, सगळं घालता येईल.

बरगेवाला

व्हल्कॅनसवर फौंड्री आधीच आहे, तिथल्या धातूच्या रसाला वाळूचे साचे जोडायचे तर तो स्वतंत्र मॉड होतो. वेगळा धागा काढा, मी येतो तिथं. इथं मिसळलं तर दोन्ही अर्धवट राहतील.

आता माझ्या आवडीचा भाग, म्हणजे बंधारा. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात पावसाळ्याआधी बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) काढतात, पावसाळा सरला की परत बसवतात. खेळात बंधारा म्हणजे चक्क एक पेटी. इंजिनाच्या दृष्टीनं कंटेनर. त्यात ४० बरगे मावतात. जितके बरगे, तितका बंधारा बंद.

उन्हाळ्यात बरगे नसले तर नदी ८ फुटांवर येते, आणि १२ च्या खाली पंप बंद. ४० बरगे घातले तर पाणी १६ वर थोपतं, पंप चालतात. पावसाळ्यात बरगे आत राहिले तर दर १० बरग्यांना वरच्या अंगाला एक फूट जादा. चाळीसच्या चाळीस राहिले की ४ फूट, म्हणजे ५२ वरचं शेत गेलं. बरगे घालायला-काढायला साधे इन्सर्टर. साधा इन्सर्टर पेटीतून पेटीत सेकंदाला ०.८३ उचलतो, तेव्हा ४० बरगे ४८ सेकंदांत निघतात.

सिग्नल द्यायला एक ‘पातळीमापक’: कॉन्स्टंट कॉम्बिनेटर (लिहिलेले आकडे सर्किटला देणारं यंत्र), त्यात स्क्रिप्ट दर १० सेकंदांनी पातळी, महिना, उघडे दरवाजे आणि कृष्णेची पातळी लिहिते.

टिक_साठ

बंधारा पेटी करायची युक्ती आवडली. पण दोन ठिकाणी लोक आपटणार, आणि आपटू द्या, फक्त मदतीच्या पानावर लिहून ठेवा.

बंधारा नदीपात्रात, म्हणजे त्याचा इन्सर्टर सगळ्यात आधी बुडणार. बुडालेलं यंत्र बंद, हा आपलाच नियम. पात्रातल्या यंत्रांची एक वेगळी यादी ठेवून ती २५ फुटांना बंद केली, तर इशारा पातळीची वाट बघत बसलेल्याचे बरगे आतच राहिले. त्या पातळीत नदी १० सेकंदांना फूट चढते आणि बरगे काढायला ४८ सेकंद लागतात, म्हणजे २० ला सुरुवात केली तरच जेमतेम काम होतं. फास्ट इन्सर्टर सेकंदाला २.३१ उचलतो, त्याला १७-१८ सेकंद पुरतात, मग २२ ला सुरू केलं तरी चालतं.

दुसरं, ‘२२ च्या वर काढा, २२ च्या खाली घाला’ असली अट लावली तर जूनमध्ये पाऊस थांबत-पडत असताना बरगे आत-बाहेर नाचत राहतात. लॅच करा. २.० च्या डिसायडर कॉम्बिनेटरला (अटी तपासणाऱ्या यंत्राला) अनेक अटी लावता येतात, एकाच कॉम्बिनेटरमध्ये होतं: पातळी २२ च्या वर गेली की चालू, आणि स्वतःचं आउटपुट परत इनपुटला जोडून महिना १० होईपर्यंत चालूच. फक्त महिन्यावर विसंबू नका, मे महिन्यात वळीव घालणार असाल तर ते लोक तिथंच सापडतील.

बरगेवाला

वळीव घालणारच.

नवखा_कळंबा

मला थोडं लुआ (मॉड लिहायची भाषा) येतं, मॉड कधी केला नाही. मदत करायची आहे. फाइली कशा मांडायच्या? आणि मित्रांबरोबर मल्टिप्लेअरवर चालेल ना?

टिक_साठ

फोल्डरचं नाव रोमन अक्षरांत, नावापुढं अंडरस्कोर आणि आवृत्ती. आत इन्फो जेसन: नाव, आवृत्ती, शीर्षक, कर्ता, फॅक्टोरिओ आवृत्ती २.०, आणि अवलंबित्वात बेस व स्पेस एज. सडण्याची यंत्रणा वापरतोय म्हणून ‘स्पॉइलिंग रिक्वायर्ड’ हा ध्वज खरा करा, म्हणजे ती यंत्रणा चालू होते. विस्तार विकत घेतलेला नसेल त्याला हा मॉड चालणार नाही, ते माहितीत सांगा.

वस्तू, रेसिपी, ग्रह, वनस्पती हे सगळं डेटा डॉट लुआ मध्ये. पूर, याद्या, बंधारा कंट्रोल डॉट लुआ मध्ये. डेटातलं काही बदललं तर खेळ बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो. कंट्रोलमधलं बदललं तर सेव्ह परत उघडली की पुरे. म्हणून आकडे जुळवायचं काम पुराच्या बाजूनं सुरू करा, वेळ वाचतो.

ग्रहाला हवेचा दाब १,२०० द्या आणि गुळाच्या रेसिपीला तीच अट लावा. नाउविस १,००० वर आहे, ग्लेबा २,००० वर, त्यामुळं तिथं कुणी गूळ काढू शकणार नाही. आणि ओलं चिपाड पावसाळ्यात वाळू नये असं वाटलं तरी नकाशाच्या सडण्याच्या गतीला हात लावू नका. तो एकच आकडा सगळ्या ग्रहांना लागू होतो, ग्लेबावरचा माल पण त्यानंच हलेल. पावसाळ्यात घाण्याची रेसिपी बदलून ‘भिजलं चिपाड’ द्या, ते वाळायला १५ मिनिटं.

मल्टिप्लेअरसाठी एकच पथ्य. पातळी, याद्या, बुडाल्याचे टिक, जे काही वेळेबरोबर बदलतं ते सगळं ‘स्टोरेज’ मध्ये. जुन्या लेखांत ‘ग्लोबल’ दिसेल, २.० मध्ये नाव बदललं. पातळी फाइलच्या माथ्यावर साध्या लोकल व्हेरिएबलमध्ये ठेवली तर एकट्यानं खेळताना सगळं झकास चालतं. मग मित्र मध्येच येतो, त्याच्याकडं पातळी सुरुवातीची, तुमच्याकडं ४४. त्याच्याकडं घाणा चालू, तुमच्याकडं बंद. तिथंच डीसिंक, दोघांचे खेळ वेगळे पडले. ऑनलोडमध्ये (सेव्ह उघडताना चालणाऱ्या घटनेत) स्टोरेज बदलायचा प्रयत्नही करू नका, तिथं ते चालत नाही. पावसाचा यादृच्छिक आकडा मॅथ रँडमनं काढला तरी हरकत नाही, फॅक्टोरिओत तो सगळ्यांकडं सारखाच येतो.

एक क्षुल्लक पण हमखास नडणारी गोष्ट: चेंजलॉग फाइलीत प्रत्येक आवृत्तीच्या वर बरोबर ९९ डॅश लागतात. एक कमी-जास्त झाला की खेळ ती वाचत नाही. मॉडच्या थंबनेलचं चित्र १४४ बाय १४४ चं.

रंकाळा_रात्रपाळी

गूळ न्यायचा कसा ते राहिलं. रॉकेट १,००० किलो उचलतं. ३० किलोचा रवा (गुळाची ढेप) केला तर ३३ रवे बसतात, ९९० किलो. सुटा गूळ भरला तर हजारच्या हजार बसतो. मग रवा कोण बांधेल?

चुलवाण

सुटा गूळ लवकर ओल धरतो, रवा सावकाश. सुट्याला दोन तास ठेवलेत ना, रव्याला चार द्या. रवा बांधायच्या रेसिपीत ‘निकाल नेहमी ताजा’ हा पर्याय बंदच ठेवा, नाहीतर लोक पाघळायला आलेला गूळ बांधून नवाकोरा करून घेतील. आणि शिळ्या उसाच्या गुळाचा रवा बांधूच देऊ नका.

बरगेवाला

ठीक. पहिल्या चाचणी आवृत्तीत फक्त नदी, पातळीमापक, बंधारा आणि लागण. खोडवा, काकवी, रवा दुसरीत. वळीव तिसरीत. कृष्णेची पातळी पहिल्यापासून, कारण ती नंतर जोडली तर शेताचे सगळे आकडे परत काढावे लागतील.

नवखा_कळंबा, तुम्ही पातळीमापक घ्या. कॉन्स्टंट कॉम्बिनेटरच्या पहिल्या सेक्शनला चार स्लॉट, चार सिग्नल. आधी खोटे आकडे लिहून बघा, नदी नंतर जोडू.

नवखा_कळंबा

घेतलं. दरवाज्यांचा सिग्नल ० ते ७ ठेवू की क्युसेक?

चिखलीकर

० ते ७. क्युसेक हवे असतील त्यानं १,४२८ नं गुणावं, त्याला ॲरिथमेटिक कॉम्बिनेटर आहेच.